रोजचा दीड जीबी सकाळी साडेदहालाच संपतो!

उंबरठा
आमच्या घरात चार सिमं आहेत. नवऱ्याचं, माझं, सासूबाईंचं आणि अण्णांचं (सासरे). आम्ही कऱ्हाडला असतो. घरात वाय-फाय नाही. जुलै २०२४ मध्ये जिओचा रोज दीड जीबीवाला २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ वर गेला तेव्हाही मी फार कुरकुर केली नव्हती. पण गेल्या महिन्यात यूपीआयचा हिशोब काढला तर त्या चार पॅकच्या वर एकोणीस रुपये, एकोणीस रुपये, पुन्हा एकोणीस रुपये अशी रांगच दिसली. मोजले तर महिन्यात अकरा! बहुतेक सगळे आईंच्या नंबरवर. "अगं, नेट गेलं गं" अशी हाक आली की हातातलं काम टाकून एक जीबीचा छोटा पॅक मारायचा, तो त्या रात्रीपर्यंतच चालायचा, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हणून मागच्या आठवड्यात त्यांचा फोन घेऊन बसले. सेटिंगमध्ये डेटा वापराचं पान असतं, तिथे कुठल्या अ‍ॅपने किती खाल्लं ते उतरत्या क्रमाने दिसतं. तुमच्याही घरी आधी तेच उघडा, नाहीतर आपण उगाच भलत्याच अ‍ॅपला शिव्या घालत बसतो. मी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शुभसकाळवाल्यांना दोष देत होते. पहिला नंबर निघाला यूट्यूबचा.

आणि यूट्यूबवर काय? कीर्तन. आई सकाळी भाजी निवडताना कीर्तन लावतात आणि फोन पालथा घालून परातीशेजारी ठेवतात. बघत नाहीत, नुसतं ऐकतात! आणि ते पालथं पडलेलं कीर्तन ७२० वर (चित्राच्या स्पष्टतेचा आकडा) चाललेलं. मी एकदा तासभर मोजलं, साडेसहाशे एमबीच्या पुढे गेलं. तेच १४४ वर लावलं तर ऐंशी-नव्वदच्या आसपास. आवाजात आईंना काडीचा फरक जाणवला नाही. "बुवा काय लहान झालेत का त्यात?" एवढंच विचारलं.

दुसरं फेसबुक. ते उघडून नुसतं बोट सरकवलं तरी व्हिडिओ आपोआप सुरू होतात. सेटिंगमध्ये मीडिया म्हणून भाग आहे, तिथे ऑटोप्ले कायमचा बंद केला.

तिसरं व्हॉट्सअ‍ॅप. स्टोरेज आणि डेटामध्ये जाऊन 'मोबाईल डेटा वापरताना' खालच्या चारही खुणा काढल्या: फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट. आता यावर घरात असंतोष आहे, कारण फोटो बोट लावेपर्यंत धुरकट दिसतात. भाचीच्या बाळाच्या बारशाचे फोटो "खराब आले" असं आईंनी परस्पर तिच्या सासरी कळवून टाकलं.

हे सगळं करूनही एक कोडं सुटलेलं नाही. आई सकाळी सहाला उठतात तेव्हाच तीनेकशे-चारशे एमबी गेलेले असतात. रात्री दहाला झोपतात, फोन चार्जिंगला. मग रात्री कोण वापरतं? अण्णांवर संशय घेऊन झाला, पण त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे आणि त्यांना चष्म्याशिवाय तोही दिसत नाही.

कुणाला काही सुचतंय का? आणि तुम्ही घरी काय काय करता तेही लिहा.

कडूलिंब
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! पालथं कीर्तन!!
आमच्याकडे हेच, फक्त कीर्तनाऐवजी बातम्यांचं लाईव्ह चॅनल. बाबा ते लावून पेपर वाचतात.

झिंगाट_रेंज
एक शंका. १९ रुपयांसाठी एवढा खटाटोप? एक वडापाव नाही येत हल्ली. सरळ रोज दोन जीबीवाला मारा, त्यावर फाईव्हजी अमर्याद मिळतं. विषय संपला. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

उंबरठा
झिंगाट, अकरा वडापाव झाले की ते महिन्याला. आणि आईंचा फोन फोरजीच आहे. अमर्याद फाईव्हजी घ्यायला आधी फोन बदला, तो पंधरा हजारांचा वडापाव.

पानगळ
रात्रीचं कोडं मला वाटतं मी सोडवू शकते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चॅट बॅकअप बघा. तो साधारण पहाटे दोनला आपोआप होतो. खाली एक पर्याय असतो, बॅकअप फक्त वाय-फायवर की वाय-फाय किंवा सेल्युलर. दुसरा निवडलेला असला आणि 'व्हिडिओ समाविष्ट करा' चालू असलं तर दिवसभरात आलेले सगळे व्हिडिओ पहाटे गूगलच्या ढगात जाऊन बसतात. रोजचा कोटा रात्री बाराला नव्याने भरतो, म्हणजे नव्या दिवसाच्या डेटातूनच जातं ते. आमच्या आत्याकडे हेच झालं होतं. चालू कुणी केलं तर भाच्याने, फोन बदलताना.

उंबरठा
पानगळ, थांबा, बघून येते.

उंबरठा
बघितलं. वाय-फाय किंवा सेल्युलर. व्हिडिओसकट!!! शेवटचा बॅकअप आज पहाटे २:०४. साष्टांग नमस्कार घ्या.
(आणि अण्णांची माफी मागून आले. त्यांना कशाची ते कळलं नाही, पण त्यांनी केली माफ.)

पानगळ
:) त्याच बैठकीत गूगल फोटोजही बघा. बॅकअपसाठी मोबाईल डेटा वापरायचा की नाही हे तिथेही असतं. आणि प्ले स्टोअरमध्ये अ‍ॅप अपडेट फक्त वाय-फायवर. पण तुमच्याकडे वाय-फायच नाही म्हणजे अपडेट कधीच होणार नाहीत, तेही बरं नाही. बँकेची आणि पैशांची अ‍ॅप अधूनमधून हाताने अपडेट करत जा.

निवृत्त_हेडक्लार्क
धागा चांगला आहे पण मूळ मुद्दा निसटतोय असं वाटतं म्हणून लिहितो.

रोजचा कोटा असलेल्या पॅकमध्ये डेटा वाचवून पैसे वाचत नाहीत. आज दीड जीबीतले नऊशे एमबी वाचवलेत तर ते रात्री बाराला लयाला जातात, उद्याच्या खात्यावर जमा होत नाहीत. उंबरठाताईंचे फार तर वरचे छोटे पॅक वाचतील. म्हणजे अकरा गुणिले एकोणीस, दोनशे नऊ रुपये. तेही थोडे नाहीत. पण खरी बचत व्हायची तर वाचलेल्या डेटाच्या जोरावर खालच्या पॅकवर उतरावं लागतं. ते कुणी करत नाही. आम्ही सगळे काटकसर करून वरच्याच पायरीवर बसून राहतो.

हिशोब असा. २८ दिवसांचा पॅक वर्षातून तेरा वेळा मारावा लागतो (२८ × १३ = ३६४). २९९ चे झाले ३८८७. बारा महिन्यांच्या हिशोबाने आपल्याला वाटतं ३५८८. तो तेरावा रिचार्ज लक्षातच येत नाही. यासाठीच ट्रायने (दूरसंचार नियामक) २०२२ मध्ये कंपन्यांना ३० दिवसांचा निदान एक पॅक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा निदान एक पॅक ठेवायला लावला. पण दुकानदार तो आपणहून सांगत नाही.

आता अण्णांचा फोन. बटणांचा आहे म्हणता. मग त्यांच्या नंबरवर रोज दीड जीबी कशासाठी? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला, डेटा नसलेला पॅकही द्यावाच लागेल, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकेल. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले. एअरटेलचा वर्षाचा १८४९ चा आणि ८४ दिवसांचा ४६९ चा, जिओचा ८४ दिवसांचा ४४८ चा. आकडे बदलत राहतात, रिचार्जच्या आधी अ‍ॅपमध्ये बघून घ्यावेत. ३८८७ वजा १८४९, एका सिमवर दोन हजारांच्या वर फरक. माझ्या सौ.चा नंबर मी यावरच ठेवला आहे. बँकेचे ओटीपी एसएमएसनेच येतात, ते व्यवस्थित येतात.

झिंगाट_रेंज
काका, सौं.ना विचारून केलंत ना? :D

निवृत्त_हेडक्लार्क
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

कोंडाणा७७
हेडक्लार्ककाका, सगळं पटलं, पण म्हातारी माणसं डेटाशिवाय राहतील हे गृहीत धरू नका. माझ्या आजीला बोलण्यापुरताच पॅक दिला होता. पहिल्या रविवारी पणतूचा व्हिडिओ कॉल आला नाही तर तिने जेवण सोडलं. फोनमध्ये माणूस दिसत नसेल तर बोलायचं तरी कशाला, असं तिचं म्हणणं.

व्हिडिओ कॉलचा डेटा मात्र लोकांना वाटतो तेवढा जात नाही. दहा मिनिटांना चाळीस-पन्नास एमबी, आमच्याकडे तरी. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची सोय आहे, ती लावली तर आणखी कमी. चित्र थोडं फुटतं. आजी म्हणते पणतू हलतो खूप.

माडाच्यासावलीत
आम्ही देवगडच्या आत सहा किलोमीटर. इथे दीड जीबी संपवणं हाच पुरुषार्थ आहे, कारण रेंज पडवीच्या उजव्या खांबाला येते आणि डाव्या खांबाला जाते. मी आठ महिने २८ दिवसांना एकूण दोन जीबीवाल्या पॅकवर आहे. पुरतो का? पुरतो. पण त्यासाठी डेटा सतत चालू ठेवायची सवय सोडावी लागली. सकाळी चालू, मेसेज बघितले, बंद. दुपारी जेवणानंतर चालू, बंद. सुरुवातीला चोरासारखं वाटायचं.

अँड्रॉइडमध्ये डेटा सेव्हर म्हणून बटण असतं (२०१६ पासून आहे, आयफोनमध्ये लो डेटा मोड म्हणून २०१९ ला आलं). ते लावलं की मागच्या मागे चालणारी अ‍ॅप गप्प बसतात. व्हॉट्सअ‍ॅपला तेवढी सूट द्यायची, नाहीतर मेसेज अ‍ॅप उघडेपर्यंत येतच नाहीत. एवढ्या एका बटणाने माझा निम्मा त्रास गेला.

पूर्वी क्रोममध्ये पान दाबून छोटं करणारा लाईट मोड होता, २०२२ मध्ये बंद केला. कमी डेटावालं यूट्यूब गो होतं, तेही त्याच वर्षी गेलं. गूगलचं डेटा वाचवणारं डेटाली होतं, ते तर त्याआधीच. गरिबाच्या कामाचं काही केलं की दोन वर्षांनी गुंडाळतात. ऑपेरा मिनी अजून आहे, बातम्या वाचायला मी तेच वापरतो.

रंकाळा_साडेसात
माडाच्यासावलीत, भावा, नाद खुळा. दोन जीबीत महिना!
पण आठवतंय का, २०१६ च्या आधी आपण सगळे असंच करायचो? अडीचशे रुपयांना एक जीबी, आणि तो महिनाभर. गाणं डाउनलोड करायचं तर मित्राच्या मेमरी कार्डातून घ्यायचं. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, काही महिने सगळं फुकट, आणि आपले हात जे सैल सुटले ते सुटलेच.

तेव्हा रोमिंगची पण गंमत होती. कागल ओलांडून निपाणीकडे गेलो की रोमिंग, कारण कर्नाटक सर्कल (मोबाईल सेवेचा विभाग) सुरू. आणि इकडून पार पणजीपर्यंत गेलं तरी काही नाही, कारण गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच. आमचे एक मामा निपाणीच्या लग्नात तीन तास फोन बंद ठेवून बसलेले, आणि मांडवात सगळे त्यांनाच शोधत होते.

बोडेनसे
रंकाळा, रोमिंगची ती गंमत इथे अजून चालू आहे. आम्ही दक्षिण जर्मनीत असतो. युरोपियन युनियनमध्ये जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात त्याच दरात चालतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. आईबाबा पुण्याहून आले होते, त्यांना इथलं सिम घेऊन दिलं आणि कोन्स्टान्झला तळं दाखवायला नेलं. आम्ही जर्मनीच्याच काठावर बाकावर बसलेलो. बाबांच्या फोनने पलीकडचा स्विस टॉवर पकडला आणि त्यांनी तळ्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. एका व्हिडिओचे जेवढे पैसे गेले तेवढ्यात आम्ही चौघं जेवलो असतो.
तेव्हापासून सीमेजवळ गेलं की डेटा रोमिंग बंद, आणि नेटवर्क आपोआप निवडणं बंद करून हाताने आपलं निवडायचं. आपल्याकडून युरोपात फिरायला येणाऱ्यांनी स्वित्झर्लंड पॅकमध्ये आहे का ते वेगळं विचारून घ्या. माउंट टिटलिसला सगळेच जातात!

वसतीगृह_क्र_३
विद्यार्थी बोलतोय. पुण्यात राहतो. हॉटस्पॉट हा सगळ्यात मोठा चोर. लॅपटॉपला वाटतं आपण वाय-फायवर आहोत, आणि तो खुशाल विंडोजचं अपडेट ओढायला बसतो. एकदा प्रोजेक्ट सबमिट करायच्या अर्धा तास आधी माझा दोन जीबी असा गेला. उपाय: विंडोजमध्ये त्या वाय-फायच्या गुणधर्मात जाऊन ते कनेक्शन 'मीटर्ड' (म्हणजे डेटा मोजून वापरायचं) करून टाका. फोन बदलला किंवा हॉटस्पॉटचं नाव बदललं की परत करावं लागतं.

लेक्चर मी लायब्ररीच्या वाय-फायवर यूट्यूबमध्ये ऑफलाइन उतरवून घेतो, रात्री खोलीवर बघतो. गावी जाताना स्टेशनवर रेलवायरचं (रेल्वेचं) वाय-फाय, रोज पहिला अर्धा तास फुकट. अर्ध्या तासात ३६० मध्ये तीन-चार लेक्चर उतरतात, गर्दी नसेल तर.

आंबेमोहोर
फुकट वाय-फायवर बँकेचे व्यवहार करू नका रे पोरांनो. लेक्चर उतरवा, पैसे पाठवायला स्वतःचा डेटा वापरा.

माझा वेगळाच त्रास. मुलगा चौथीत. शाळेचा ग्रुप आहे, त्यावर गृहपाठ फोटोत येतो, सूचना व्हिडिओत येते, आणि स्नेहसंमेलनाचे दोनशे फोटो एका रात्रीत येतात. 'उद्या डबा आणू नये' हे सांगायला मॅडमनी स्वतःचा पन्नास सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता. चार ओळी लिहिल्या असत्या तर? ग्रुपवर बोलले तर दोन आयांनी अंगठा दाखवला आणि एकीने "तुम्ही वाय-फाय का घेत नाही" विचारलं.

कडूलिंब
+१ आंबेमोहोर. आणि वाय-फाय घ्या म्हणणाऱ्यांनी हिशोब करून बघावा. महिना ३९९ अधिक १८ टक्के जीएसटी, ४७१ रुपये. वर्षाचे साडेपाच हजारांच्या वर. शिवाय बाहेर पडलं की मोबाईलचा पॅक लागतोच. घरात चार-पाच जण असतील आणि सगळ्यांनी मोबाईलचे पॅक खाली आणले तरच परवडतं. आमच्याकडे वाय-फाय आलं आणि पॅक कुणीच बदलला नाही. दोन्ही चालू!

निवृत्त_हेडक्लार्क
कडूलिंब यांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडला.

आणखी एक. रोजचा कोटा संपला की नेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. तासाला साधारण २९ एमबी. व्हिडिओ चालणार नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपचे अक्षरी मेसेज जातात, थोडा धीर धरला तर रेल्वेचं तिकीटही दिसतं. म्हणजे "नेट गेलं" म्हटल्या क्षणी एकोणीस रुपये मारायची घाई नको. रात्री बारापर्यंत थांबता येतं.

आणि अण्णांच्या फोनवर डेटा चुकून चालू होऊ नये असं वाटत असेल तर १९२५ या क्रमांकावर इंग्रजीत स्टॉप असा एसएमएस करावा. इंटरनेट बंद होतं. परत हवं तर त्याच क्रमांकावर स्टार्ट.

झिंगाट_रेंज
काका, तुमचा मुलगा मोबाईल कंपनीत आहे का?

निवृत्त_हेडक्लार्क
मुलगा कंपनीत नाही. मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं होतो. पाणी मोजून सोडायची सवय आहे.

रंकाळा_साडेसात
काका _/\_

उंबरठा
महिना झाला, म्हणून धागा वर काढते आहे.

आईंचा फोन: वरचे छोटे पॅक या महिन्यात एक. तोही दिवाळी अंकाच्या कुठल्याशा कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण होतं त्या दिवशी, मीच मारून दिला. बॅकअप आता महिन्यातून एकदा, नणंदेकडे जातो तेव्हा तिच्या वाय-फायवर. सकाळी सहाला मीटर शून्याच्या जवळ असतो. कीर्तन १४४ वर. त्यांना मी सांगितलंय की डोळे मिटून ऐकायचं कीर्तन आहे, चित्राला पैसे कशाला.

अण्णांचा नंबर पॅक संपल्यावर डेटा नसलेल्या पॅकवर नेला. त्यांना अजून कळलेलं नाही.

माझा मात्र खालचा पॅक फसला. माडाच्यासावलीत यांचं वाचून जोशात २८ दिवसांना दोन जीबीवर गेले आणि नवव्या दिवशी डेटा संपला. चालू-बंद करायला विसरते, आणि माहेरच्या ग्रुपवर बहिणी व्हिडिओशिवाय बोलतच नाहीत. पुन्हा दीड जीबीवर आले. नवऱ्याने तर प्रयत्नच केला नाही. त्याचं म्हणणं, ऑफिसचा हॉटस्पॉट लागतो. डेटा वापराचं पान उघडून दाखव म्हटलं तर फोनची बॅटरी संपली होती.

माडाच्यासावलीत
नवव्या दिवसापर्यंत पोचलात हे पहिल्या खेपेला पुष्कळ झालं. मी चौथ्या दिवशी आडवा झालो होतो.
नवऱ्याचं पान रात्री तो झोपल्यावर बघा. बॅटरी चार्जिंगला असते.

उंबरठा
बघितलं. क्रिकेट. साडेअकरा जीबी.